फुकटातला मानपान

दर फेब्रुवारीच्या सुरुवातीला, एका शनिवार-रविवारी, ब्रसेल्समध्ये हजारो संगणकवाले जमतात. या मेळाव्याचं नाव फॉसडेम. मुक्त आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची ही युरोपातली सगळ्यात मोठी सभा. प्रवेश फुकट, नोंदणी नाही, गळ्यात अडकवायचं ओळखपत्र नाही. कोणीही यावं आणि रिकामी खुर्ची दिसेल तिथे बसावं. नोंदणीच नसल्यामुळे किती लोक आले हे आयोजकांनाही नक्की सांगता येत नाही. आठ हजारांच्या वर असतील, असा त्यांचा आपला अंदाज.

ही मोकळीक फार सुंदर वाटते. व्हिसा काढायला जाईपर्यंत.

“कॉन्फरन्सचं रजिस्ट्रेशन दाखवा,” खिडकीपलीकडच्या बाई म्हणाल्या.

“रजिस्ट्रेशन नसतं तिथे.”

“म्हणजे अजून केलं नाही तुम्ही?”

“करताच येत नाही, मॅडम. कोणीच करत नाही.”

“बरं, फी भरल्याची पावती?”

“फी नाही.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “मग तुम्हाला बोलावलंय तरी कोणी?”

प्रश्न बरोबर होता. मी कार्यक्रमपत्रिकेचं छापलेलं पान पुढे सरकवलं. शेकडो नावांच्या गर्दीत एका ओळीत माझं नाव होतं आणि त्यापुढे वेळ: पंधरा मिनिटं. बाईंनी ती ओळ बोट ठेवून वाचली. “पंधरा मिनिटं बोलायला बेल्जियमला जाणार?” त्यांच्या स्वरात संशय नव्हता, काळजी होती. तेवढ्या काळजीवर व्हिसा मिळाला.

घरी वेगळीच चौकशी. आमचे काका उभा जन्म बँकेच्या कर्ज विभागात होते. ‘फुकट’ हा शब्द ऐकला की त्यांचा हात आपोआप तारण तपासायला जातो. “अरे, ही माणसं प्रोग्रॅम लिहितात आणि फुकट देऊन टाकतात? वर तो कसा लिहिला तेही दाखवतात? मग ह्यांचं चालतं कसं?” मी सांगितलं की काका, सगळंच काही धर्मादाय नाही. फुकट मिळणाऱ्या लिनक्स या संगणक-प्रणालीवर धंदा उभारलेली रेड हॅट ही कंपनी 2019 साली आयबीएमने 34 अब्ज डॉलर मोजून घेतली. काका ताठ बसले. मनातल्या मनात रुपये करून झाल्यावर त्यांनी विचारलं, “आणि त्यातले ह्या फुकट लिहिणाऱ्यांना किती मिळाले?” या प्रश्नावर जगभर परिसंवाद झडत आहेत, एवढं सांगून मी बॅग भरायला घेतली. आईने तिळगुळाचा डबा वर ठेवला. तारखा रथसप्तमीच्या आतल्या होत्या, त्यामुळे परदेशातही सूट नव्हती.

मेळावा भरतो तो ब्रसेल्सच्या एका विद्यापीठात, सोलबॉश नावाच्या आवारात. शहराच्या मध्यातून 71 नंबरची बस जाते. कुठे उतरायचं हे विचारावं लागत नाही. बसमधल्या दाढ्या आणि पाठपिशव्या जिथे एकदम उतरतात, तोच थांबा. बाहेर भुरभुर पाऊस, आत ओल्या लोकरीचा वास, आणि उभ्याउभ्या एका हाताने लॅपटॉप धरून दुसऱ्या हाताने काहीतरी दुरुस्त करणारा एक माणूस. त्याचं भाषण दहा वाजता होतं हे नंतर कळलं.

हा मेळावा सुरू झाला 2000 सालच्या सुमारास. राफाएल बोद्वँ यांनी सुरू केला, आणि कारणही त्यांनीच सांगून ठेवलंय: सॉफ्टवेअरमध्ये भर घालण्याइतकी अक्कल आपल्यात नाही असं त्यांना वाटे, तेव्हा निदान अक्कल असलेल्यांना एकत्र बसवावं. एवढ्या नम्रतेने स्थापन झालेली दुसरी संस्था माझ्या ऐकिवात नाही. तेव्हा नाव होतं ऑसडेम. मग मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी आग्रह धरला की नुसतं ‘ओपन’ पुरे नाही, ‘फ्री’चा एफही पाहिजे, म्हणजे स्वातंत्र्यातला. पुढे एफ लागला. या मंडळींतला पहिला मानपान असा एका अक्षराचा झाला.

मानपानाचं मुद्दाम सांगतो, कारण आपल्या साहित्य संमेलनाची सवय असलेल्या माणसाला इथे पहिल्या तासाभरात चुकल्या चुकल्यासारखं होतं. दिंडी नाही. दीपप्रज्वलन नाही. स्वागताध्यक्ष नाहीत, त्यामुळे त्यांचं लांबलेलं स्वागतही नाही. जान्सन नावाच्या प्रचंड उतरत्या सभागृहात सकाळी टी-शर्टातला एक माणूस येतो, आग लागली तर कुठून पळायचं ते सांगतो, गैरवर्तन कराल तर याद राखा म्हणतो आणि जातो. उद्घाटन झालं. शाल नाही, श्रीफळ नाही, पहिल्या रांगेत नावाच्या चिठ्ठ्या लावलेले सोफे नाहीत. ज्याच्या प्रोग्रॅमशिवाय निम्मं इंटरनेट बंद पडेल असा माणूस पायरीवर बसून केळं खात असतो.

पण माणसाची जात अशी की मानपान दारातून घालवला तर खिडकीतून येतो. इथे तो टी-शर्टातून येतो. यंदाचा टी-शर्ट घालणारा नवखा. दहा वर्षांपूर्वीचा घालणारा जाणता. आणि एखादा 2004 सालचा, रंग उडालेला, काखेत उसवलेला टी-शर्ट घालून आला की कॉफीच्या रांगेत त्याला न मागता वाट मिळते. त्या भोकांना इथे पैठणीच्या काठाची किंमत आहे. इस्त्रीचा शर्ट घालून आलेला माणूस एक तर वकील असतो, नाही तर नोकरभरतीवाला. वकिलांना निदान हक्काची खोली असते, कारण परवान्यांच्या कलमांवर दिवसभर कीस पाडणारा वेगळा विभाग आहे. भरतीवाल्याशी लोक हवापाण्यावर बोलतात.

दुसरी खूण लॅपटॉपवरच्या स्टिकरांची. के नावाच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एकेका सॉफ्टवेअर-प्रकल्पाची टेबलं मांडलेली असतात: इथे ग्नोम, तिथे केडीई, पलीकडे डेबियन, मोझिला, लिब्रे ऑफिस. टेबलांवर स्टिकरांचे ढीग. फुकट. पुण्याचा माणूस फुकटचे ढीग बघून प्रथम दुरून जातो, दुसऱ्या फेरीत थांबतो, तिसऱ्या फेरीत “पुतण्यासाठी एक” म्हणून दोन घेतो. जर्मन, पोलिश, पोर्तुगीज माणसंही अगदी असंच करतात हे बघून मला परदेशात पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं. मात्र न वापरलेल्या वस्तूचा स्टिकर चिकटवणं हे इथे खोटी पदवी लावण्यासारखं आहे. “अरे वा, तुम्ही हे वापरता? मग तो अमुक बग सुटला का हो?” असं कोणी विचारलं की परीक्षा सुरू.

ओळख करून घेण्याची रीतही उलटी. आपल्याकडे पहिला प्रश्न “कुठे असतोस?”, दुसरा मनातल्या मनात “पॅकेज किती?” इथे कंपनीचं नाव कोणी काढत नाही. वास्तविक लिनक्सच्या गाभ्यातलं बरंचसं काम मोठमोठ्या कंपन्यांची पगारी माणसं करतात. पण तो पगार इथे उपासाच्या दिवशी गपचूप खाल्लेल्या भज्यासारखा लपवतात. “मी प्रिंटर बघतो,” असं एक गृहस्थ अतिशय शांतपणे म्हणाले. म्हणजे एका घरातला नव्हे. लिनक्स चालणाऱ्या सगळ्या यंत्रांवरचे प्रिंटर या आणि आणखी थोड्या माणसांच्या जिवावर चालतात. मी त्यांना माझ्या ऑफिसातल्या प्रिंटरबद्दल विचारणार होतो, पण त्यांच्या चेहऱ्यावरून लक्षात आलं की आल्यापासून त्यांना प्रत्येकाने तेच विचारलं आहे.

दोन दिवसांत शेकडो व्याख्यानं होतात, एकाच वेळी कितीतरी खोल्यांतून. खोल्यांची नावं ‘यूबी 2.252ए’ अशी. प्रत्येक विषयाला वेगळी खोली: भाषा, डेटाबेस, जुने संगणक, वीज, इतकंच काय पण रेल्वेची वेळापत्रकंही. खोली भरली की दारावर ‘फुल’ असा कागद लागतो आणि मग लिनक्सचे जनक साक्षात लिनस टोरवाल्ड्स आले तरी आत प्रवेश नाही. आग लागल्यास काय, म्हणून हा नियम.

हे दार सांभाळायला स्वयंसेवक लागतात. मी एका दुपारी नाव दिलं. “जागा नाही” हे वाक्य निर्विकार चेहऱ्याने म्हणायला मला वेगळं प्रशिक्षण लागलं नाही. जिथे वाढलो तिथे ते दुकानदारांकडून फुकट मिळतं. लोक विनवण्या करत. “मी उभा राहतो.” नाही. “मी खाली बसतो.” नाही. “आत माझा मित्र आहे.” त्याला बाहेर बोलवा, एक जागा होईल. एक जण मात्र फारच अजिजीने म्हणाला, “मला आत जायलाच हवं, पुढचं भाषण माझं आहे.” त्याला सोडण्यासाठी आतून एकाला बाहेर काढावं लागलं. तो उठला, वक्त्याला जागा दिली, आणि मग दाराबाहेर माझ्यापाशी बसून तेच भाषण फोनवर थेट प्रक्षेपणातून ऐकू लागला. सगळी व्याख्यानं स्वयंसेवकच चित्रित करतात आणि जगाला फुकट दाखवतात. म्हणजे घरी बसून सगळं जास्त नीट दिसतं. तरी आठ हजार माणसं भिजत येतात.

इथलं वायफाय हा एक स्वतंत्र टोमणा आहे. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते, आयपीव्ही4, जेमतेम 430 कोटी. ते पुरेनासे झाले म्हणून आयपीव्ही6 आलं. जग अजून चालढकल करतंय. फॉसडेमवाल्यांनी चालढकल बंद केली: ‘फॉसडेम’ नावाच्या वायफायवर फक्त नवी पद्धत चालते. ज्यांच्या यंत्रांना ती झेपत नाही त्यांच्यासाठी वेगळं वायफाय ठेवलंय. त्याचं नाव ‘फॉसडेम-एन्शंट’. पुरातन! फोनच्या यादीत ते नाव निवडताना शेजारचा बघत नाही ना, याची खात्री लोक करून घेतात. असा टोमणा ज्याला सुचला त्याचं आजोळ सदाशिव पेठेत असणार.

जेवणाची सोय आवारात उभ्या असलेल्या गाड्यांवर. बेल्जियमचा मान बटाट्याच्या तळलेल्या फोडींना, सोबत मेयॉनेज. शाकाहारी माणसाला वाटतं, सुटलो. पण त्या देशात हे बटाटे परंपरेने गुरांच्या चरबीत तळतात. मी गाडीवाल्याला विचारलं, “कशात तळता?” तो उत्तर देण्याआधीच मागच्या रांगेतल्या एका फ्लेमिश प्रोग्रॅमरने बटाटा दोनदा का तळतात, पहिल्यांदा कमी तापमानाला आणि नंतर जास्त, यावर सविस्तर माहिती दिली. तेल की चरबी, हे सांगायचं मात्र राहूनच गेलं. प्रश्नाचं उत्तर सोडून बाकी सगळं पूर्ण सांगणं हा या मंडळींचा गुण मी त्यांच्या माहितीपुस्तिकांतून आधीच ओळखत होतो.

म्हणून तिळगुळाचा डबा उघडला. ग्नोम आणि केडीई हे लिनक्सवर पडदा सजवणारे दोन पंथ, नव्वदच्या दशकापासूनचे भाऊबंद. ईमॅक्स आणि व्हीआय या प्रोग्रॅम लिहायच्या दोन साधनांच्या भक्तांचं वैर त्याहून जुनं. लिनक्स यंत्र सुरू करणाऱ्या ‘सिस्टमडी’चं नाव काढलं तर शांत माणसंही बाह्या सावरतात. मी टेबलाटेबलावर जाऊन लाडू ठेवला आणि समजावून सांगितलं की हा खाल्ल्यावर गोड बोलायचं असतं. “किती वेळ?” ईमॅक्सवाल्याने विचारलं. वर्षभर, म्हटल्यावर त्याने लाडू परत डब्यात ठेवला. विचार करून पुन्हा उचलला. मग कृती विचारली, कारण इथे कृती दिल्याशिवाय दिलेली वस्तू अर्धवट समजतात. मी म्हटलं, आईला विचारलं तर ती ‘अंदाजाने’ एवढंच सांगते. आजूबाजूचे सगळे एका सुरात हळहळले. लाडू मात्र संपले.

तर माझी पंधरा मिनिटं. विषय: पडद्यावरची मराठी अक्षरं. आपला ‘ल’ आणि ‘श’ हिंदीच्या प्रमाण छपाईतल्या अक्षरांपेक्षा वेगळ्या वळणाचे असतात, पण संगणकाच्या लेखी अक्षर एकच, क्रमांक एकच. मजकूर मराठी आहे असं पानाने सांगितलं आणि फाँटला ते ऐकण्याची अक्कल असली, तरच मराठी वळण उमटतं. अशी अक्कल असलेले फाँट फुकट मिळतात: रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी सांभाळलेला लोहित, मुंबईच्या एक टाइपचा मुक्त. दुसरा मुद्दा ‘र’च्या पापणीचा. आचार्यांना बोलावलं की आचाऱ्यांना, यावर पंगत बसणार की प्रवचन हे ठरतं. हा विनोद मी इंग्रजीतून सांगितला. त्याच्या निधनाचं वृत्त इथेच देतो.

समोर एक मुलगी कागद धरून उभी होती: पाच मिनिटं, दोन मिनिटं, शून्य. आपल्याकडे सूत्रसंचालकाची चिठ्ठी आली की वक्ता ती वाचून खिशात घालतो आणि “जाता जाता” म्हणून मूळ विषयाला हात घालतो. इथे शून्यानंतर पुढचा वक्ता स्वतःची वायर घेऊन शेजारी उभा राहतो. मी थांबलो. प्रश्न तीन आले; त्यांतले दोन प्रश्न नव्हते. तिसऱ्या रांगेतले एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ म्हणाले की पापणीच्या त्या ‘र’चा एक बग त्यांनी पूर्वी एका नाताळच्या सुटीत दुरुस्त केला होता. मी थक्क. “आपल्याला देवनागरी वाचता येतं?”

“एक अक्षरही नाही.”

“मग का केलात?”

“उघडा होता,” ते म्हणाले. जणू दार उघडं दिसलं म्हणून लावून घेतलं.

आपण फोनवर जे मराठी वाचतो त्यातली जोडाक्षरं जुळवण्याचं काम अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिब्रे ऑफिस या सगळ्यांत हार्फबझ नावाचा एकच फुकट प्रोग्रॅम करतो. मराठी न येणाऱ्या माणसांनी तो घासून पुसून ठेवलाय, आणि आपण त्यावर एकमेकांना शुद्धलेखनावरून शिव्या घालतो.

कॉफीच्या रांगेत मात्र बोलणं फिरून फिरून एक्सझेडवर यायचं. एक्सझेड ही फाइली दाबून लहान करणारी, असंख्य लिनक्स यंत्रांत बसलेली चीज. ती वर्षानुवर्षं बहुतांशी एकच माणूस सांभाळत होता, मोकळ्या वेळात. तो थकला होता, तसं त्याने लिहिलंही होतं. एका अनोळखी मदतनिसाने दोनेक वर्षं गोड बोलून त्याचा विश्वास मिळवला आणि 2024 साली आत चोरदरवाजा बसवला. जगभरच्या सर्व्हरांची किल्ली जवळजवळ गेलीच होती. उघडकीला आणलं आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने, कारण त्याच्या लक्षात आलं की दूरच्या यंत्रात शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपल्याकडे एखादं सरकारी संकेतस्थळ अर्ध्या मिनिटात उघडलं तर संशय येतो.

परत आल्यावर ही गोष्ट काकांना सांगितली. चोरदरवाजाचं त्यांना विशेष वाटलं नाही. कर्ज विभागात त्यांनी गोड बोलणारी माणसं पुष्कळ पाहिली होती. ते अडकले थकलेल्या माणसापाशी. “म्हणजे पगार नाही, हाताखाली कोणी नाही, बदलीवर येणारा कोणी नाही. मग रजेचा अर्ज द्यायचा कोणाकडे त्याने?” परिसंवादांत हे मी इतक्या नेमक्या शब्दांत ऐकलं नव्हतं. ज्या कंपन्या या माणसांच्या फुकट कामावर अब्जावधी कमावतात त्यांनी निदान रजेच्या बदलीचे पैसे द्यावेत, हे माझं मत तेव्हापासून पक्कं आहे.

फॉसडेमला जाणाऱ्यांना एक सूचना: आवडीच्या भाषणाला जागा हवी असेल तर त्याच्या आधीच्या भाषणाला जाऊन बसा, विषय काहीही असो. रेल्वेच्या वेळापत्रकांबद्दल मला जे ज्ञान आहे ते सगळं असंच मिळालेलं आहे. आणि न जाणाऱ्यांना एक विनंती. लिब्रे ऑफिसचं मराठी भाषांतर वेबलेट या संकेतस्थळावर चालतं, फायरफॉक्सचं पाँटूनवर. दोन्हीकडे खातं काढायला पैसे लागत नाहीत, संगणकाची पदवी लागत नाही. नीट मराठी लिहिता येणं पुरे. दिवाळी अंकातले ऱ्हस्व-दीर्घ तपासून संपादकांना पत्रं धाडणाऱ्या वाचकांनी हे काम जरूर मनावर घ्यावं. तिथे चूक दाखवणाऱ्याचे आभार मानतात.